ऐकू येणे, ऐकणे आणि ऐकून घेणे : ‘किमी’ या रहस्यपटाचे गुणदोष

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने चित्रपटाची चिकित्सा करावी काय, असा प्रश्न या पत्रिकेच्या काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. चित्रपटाचे रसग्रहण हे समीक्षकाचे क्षेत्र असून त्यात अतिक्रमण करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु ज्या चित्रपटाचे कथानकच मुळी यंत्रास न उलगडलेल्या एका उक्तीवर उभे आहे आणि ज्याची नायिका परक्यांचे बोलणे ऐकून, त्याचा अर्थ लावून आपला चरितार्थ चालवते, तो चित्रपट आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेर ठेवणे योग्य होणार नाही. स्टीव्हन सोडरबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला आणि डेव्हिड केप यांनी लिहिलेला ‘किमी’ हा अमेरिकन चित्रपट अशा प्रकारचा आहे. तो १० फेब्रुवारी २०२२ रोजी एचबीओ मॅक्स या वाहिनीवरून प्रदर्शित झाला. त्याची लांबी अवघी ८९ मिनिटे आहे आणि त्याचा काळ कोविडच्या महामारीचा आहे.

मराठीत ‘ऐकू येणे’, ‘ऐकणे’ आणि ‘ऐकून घेणे’ असे तीन प्रयोग आहेत. पहिल्यात कर्त्याची इच्छा नसते. कानावर ध्वनी पडतो, एवढेच. दुसऱ्यात अवधान आहे. तिसऱ्यात अवधानाखेरीज आणखी काही आहे : ज्याचे ऐकून घेतले, त्याच्या म्हणण्यास काही वजन आहे ही कबुली. ‘आमचे कोणी ऐकून घेत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या माणसाचा आवाज समोरच्याच्या कानी पडत नसतो, असे नव्हे. प्रस्तुत चित्रपटाचे गुण आणि दोष या तीन क्रियांच्या आधारे नीट मांडता येतात, असे मला वाटते. पहिल्या दोन क्रियांचे चित्रण करण्यात तो यशस्वी झाला आहे. तिसरीपाशी पोहोचूनही त्याने ती वाऱ्यावर सोडली आहे.

(१) कथानक

सिअ‍ॅटल या शहरात अँजेला चाइल्ड्स ही तरुणी एका प्रशस्त माडीवर एकटी राहते. ही भूमिका झोई क्रॅव्हिट्झ यांनी केली आहे. पूर्वी झालेल्या एका हल्ल्यामुळे तिच्या मनात घराबाहेरच्या जगाचे भय बसले आहे. त्यातून ती सावरू लागली होती, तोच महामारी आली आणि भय पुन्हा बळावले. समोरच्या इमारतीतील एका मित्राला भेटण्यासाठीही तिला उंबरठा ओलांडवत नाही. ‘अमिग्डला’ या कंपनीचे ‘किमी’ नावाचे ध्वनियंत्र घरोघरी आहे. नाव घेऊन आज्ञा केली की ते दिवे लावते, गाणी वाजवते, वाणसामान मागवते. जी आज्ञा यंत्रास समजत नाही, तिचे ध्वनिमुद्रण अँजेलासारख्या नोकरांकडे येते. ते ऐकून वक्त्याला काय म्हणावयाचे होते हे यंत्रास शिकवणे, हे तिचे काम.

अशाच एका मुद्रणात मोठ्याने वाजणाऱ्या संगीताच्या आड तिला एका स्त्रीचा आक्रोश ऐकू येतो. ती ध्वनी गाळून, संगीत बाजूस सारून मागचा आवाज मोकळा करते. रुमानियातील एका सहकाऱ्याच्या मदतीने त्याच घरातील इतर मुद्रणे मिळवते आणि तो खुनाचा पुरावा आहे, अशी तिची खात्री होते. खुनाच्या मागे कंपनीचा प्रमुखच असतो. वरिष्ठांकडे तक्रार करताच तिला कार्यालयात प्रत्यक्ष बोलावण्यात येते. घर न सोडणारी ही स्त्री घर सोडते, आणि तेथून तिचा पाठलाग सुरू होतो. शेवटी मारेकरी तिच्याच घरात शिरतात आणि तेथेच ती त्यांचा निकाल लावते.

(२) महामारीची योजना

रहस्यकथेला बंदिस्त जागा लागते. बर्फात अडकलेली आगगाडी, वादळाने तुटलेले बेट, आतून कडी लावलेली खोली ही या वाङ्मयप्रकाराची जुनी साधने होत. आणि ती कृत्रिम आहेत हे वाचकालाही ठाऊक असते. महामारीने लेखकांना हे बंदिस्तपण आयते दिले. मात्र ही देणगी कोणी कशी वापरली, यात पुष्कळ फरक आहे.

एलिया कझान यांच्या ‘पॅनिक इन द स्ट्रीट्स’ या १९५० च्या चित्रपटात न्यू ऑर्लिन्स शहरात एका खून झालेल्या इसमाच्या शरीरात फुप्फुसाच्या प्लेगचे जंतू सापडतात. मारेकऱ्याला लागण झालेली असणार. म्हणून सरकारी आरोग्यखात्याचा डॉक्टर आणि पोलीस कॅप्टन त्याला ४८ तासांत गाठण्यासाठी धडपडतात. येथे रोग हाच घड्याळाचा काटा आहे आणि गुन्हेगाराचा शोध हाच रोगाचा शोध आहे. दोन्ही धागे एकच केल्यामुळे हा चित्रपट आजही बांधेसूद वाटतो. याच्या उलट रायन जॉन्सन यांचा ‘ग्लास अनियन’ हा २०२२ चा चित्रपट पाहावा. त्याची कथा मे २०२० मध्ये घडते. त्यातील विख्यात गुप्तहेर टाळेबंदीला कंटाळून स्नानाच्या टबात बसलेला दाखवला आहे. परंतु पाहुणे ग्रीसमधील बेटाकडे निघण्यासाठी धक्क्यावर जमले की त्यांच्या घशात एक फवारा मारला जातो, मुखपट्ट्या उतरतात, आणि महामारी कथेतून जणू रजा घेते. तो फवारा कशाचा होता, हे कोणी सांगत नाही. विनोद म्हणून ही युक्ती चांगली आहे. तथापि बेट तर महामारीवाचूनही बंदिस्त होतेच, हे त्यातून उघड होते.

‘किमी’ची योजना या दोहोंहून निराळी आहे. येथे रोग हा शत्रू नाही आणि निमित्तही नाही. तो परिस्थितीचा भाग आहे. अँजेलाने दारात उभे राहून थबकणे, हात पुन्हा पुन्हा निर्जंतुक करणे, डॉक्टरांशी व आईशी पडद्यावरूनच बोलणे, या गोष्टींचे स्पष्टीकरण प्रेक्षकाला द्यावे लागत नाही. हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’मध्ये (१९५४) नायकाला खिडकीशी जखडून ठेवण्यासाठी त्याचा पाय प्लास्टरमध्ये घालावा लागला होता, सोडरबर्ग यांना तसे काही करावे लागले नाही. शिवाय एक सूक्ष्म गोष्ट त्यांनी साधली आहे. सर्वांनीच घरात बसण्याच्या काळात अँजेलाचा आजार बाहेरून दिसेनासा होतो. तिचे घरात राहणे हे शहाणपण की विकार, याची सीमारेषा पुसली जाते. ‘कंटेजन’ (२०११) या चित्रपटात याच दिग्दर्शकाने साथीचा फैलाव खंडाखंडांतून दाखवला होता. येथे तीच गोष्ट त्यांनी एका मनाच्या आणि एका माडीच्या मापाने दाखवली आहे.

या भागातील गुणांचे श्रेय दिग्दर्शकाच्या हातास दिले पाहिजे. छायालेखन आणि संकलन ही दोन्ही कामे सोडरबर्ग यांनीच, नेहमीप्रमाणे टोपणनावांनी, केली आहेत. घरात असताना कॅमेरा शांत व स्थिर गतीने फिरतो. अँजेला रस्त्यावर आली की तो तिरपा, घाईचा आणि अस्वस्थ होतो. तिचे भय संवादांत न सांगता दृष्टीस पडते.

(३) ऐकू येणे आणि ऐकणे

चित्रपटाचा सर्वोत्तम भाग अर्थातच अँजेलाच्या कामाचा आहे. आरंभीच्या एका प्रसंगात कोणी ग्राहक यंत्राकडे ‘किचन पेपर’ मागतो आणि यंत्र गोंधळते. अमेरिकेत त्याच वस्तूला ‘पेपर टॉवेल’ म्हणतात, हे ते जाणत नाही. अँजेला ती नोंद करते आणि पुढच्या मुद्रणाकडे वळते. काही सेकंदांच्या या प्रसंगात बोलीभेदाचा सबंध प्रश्न सामावला आहे. मराठीपुरते बोलावयाचे तर शेंगदाण्याचे तेल कोणी ‘गोडेतेल’ या नावाने मागतो, तर विदर्भातील माणूस ‘फल्लीतेल’ म्हणतो. यंत्राला दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतील. परंतु ते एकाच वस्तूचे वाचक आहेत, हे कोणी माणसाने सांगितल्यावाचून त्यास कळावयाचे नाही. २०१८ मध्ये गूगलचा ध्वनिसाहाय्यक मराठीतून उत्तरे देऊ लागला, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याही दारी आला आहे.

हे काम लेखकाच्या कल्पनेतून आलेले नाही. अ‍ॅमेझॉनच्या ‘अलेक्सा’ यंत्राची काही मुद्रणे जगातील निरनिराळ्या देशांतील नोकर ऐकतात आणि टिपून घेतात, ही गोष्ट एप्रिल २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी गूगल आणि अ‍ॅपल यांच्याविषयीही तसेच वृत्त आले. अशा यंत्राकडे गुन्ह्याचा साक्षीदार म्हणून पाहण्याचा प्रसंगही प्रत्यक्ष घडला आहे. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात २०१५ मध्ये झालेल्या एका मृत्यूच्या तपासात पोलिसांनी घरातील ध्वनियंत्राची मुद्रणे मागितली. कंपनीने आधी विरोध केला आणि २०१७ मध्ये आरोपीच्या संमतीनंतर ती दिली. खटला मात्र त्याच वर्षी काढून घेण्यात आला. यंत्राजवळ मुद्रण असणे आणि त्या मुद्रणाने काही सिद्ध होणे, या दोन गोष्टींतील अंतर या प्रकरणावरून दिसते.

संगीताच्या आडून आवाज शोधण्याचा प्रसंग दिग्दर्शकाने सावकाश रंगवला आहे. अँजेला एक एक पट्टी उचलते, ध्वनी पुन्हा वाजवते, थांबते, पुन्हा ऐकते. प्रेक्षक तिच्याबरोबर कान देऊ लागतो. गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढण्याची मानवी श्रवणाची शक्ती कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रयोगांनी अभ्यासली होती. तीच शक्ती येथे गुप्तहेराचे मुख्य हत्यार झाली आहे. पारंपरिक गुप्तहेर पाहतो : पावलांचे ठसे, सिगारेटची राख, बाहीवरचा डाग. अँजेला केवळ ऐकते. तिच्या घराकडे समोरून दुर्बिणीने पाहणारा एक शेजारी प्रेक्षकाला संशयास्पद वाटतो. पुढे तोच तिच्या मदतीला धावतो. पाहण्याने फसवले, ऐकण्याने नाही, असे चित्रपट सुचवतो. ही कल्पना मोहक आहे. परंतु दोषाचा आरंभही येथूनच होतो.

(४) कानावरील अढळ विश्वास

रहस्यकथेत पुराव्यावर शंका घेण्याचा अधिकार वाचकास असतो. किंबहुना त्या शंकेतच त्याचे सुख असते. ‘किमी’त दिसणाऱ्या गोष्टींवर शंका घेता येते, ऐकू येणाऱ्या गोष्टींवर नाही. अँजेला जे ऐकते ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर ठरते. तिचा एकही शब्द चुकत नाही, एकाही ध्वनीचा दुसरा अर्थ निघत नाही. तिला शंका आली असती तरी ती टिकली नसती, कारण पटकथेने लगेच दुसरे आणि संपूर्ण स्पष्ट असे मुद्रण तिच्या हाती ठेवले आहे.

स्वनविज्ञानाचा अनुभव याहून निराळा आहे. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका वाक्यातील एक स्वन काढून त्याजागी खोकल्याचा आवाज भरला होता. जवळजवळ सर्व श्रोत्यांनी वाक्य अखंड ऐकल्याचे सांगितले. जो स्वन तेथे नव्हताच, तो त्यांच्या मनाने भरून काढला होता. गोंगाटाखाली झाकलेल्या बोलण्यात मन अशी भर घालतच असते. ऑस्ट्रेलियातील स्वनवैज्ञानिक हेलन फ्रेझर यांनी न्यायालयीन पुराव्याच्या संदर्भात हे दाखवून दिले आहे की, अस्पष्ट मुद्रणात अमुक शब्द आहेत असे आधी सांगितले की श्रोत्यांना तेच शब्द ऐकू येऊ लागतात. आणि एकदा ऐकू आले की ते ‘न ऐकणे’ कठीण जाते. म्हणजे अँजेलाचे कौशल्य जेवढे मोठे, तेवढाच तिचा धोकाही मोठा. स्वतः हल्ला सोसलेल्या स्त्रीला अस्पष्ट ध्वनीत हल्लाच ऐकू येणे शक्य आहे, ही शंका कथेच्या अगदी हाताशी होती. ती एकदा उपस्थित करून मग निवारली असती, तर तिचा विजय कितीतरी अधिक मोलाचा झाला असता.

या ठिकाणी फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ (१९७४) या चित्रपटाची आठवण अपरिहार्य आहे. त्यातील नायकही चोरून ध्वनिमुद्रण करणारा तज्ज्ञ आहे. तोही गोंगाट गाळून एक वाक्य मोकळे करतो. शब्द सर्व बरोबर ऐकू येतात. मात्र त्या वाक्यातील आघात नेमका कोणत्या शब्दावर होता, हे कळण्यास त्यास फार उशीर होतो, आणि आघात बदलताच बळी कोण व गुन्हेगार कोण, हेच उलटते. ‘तो मला विचारणार नाही’ या साध्या वाक्यात ‘तो’ शब्दावर जोर दिला तर दुसरा कोणी विचारील असे सुचते, ‘मला’ शब्दावर दिला तर तो दुसऱ्या कोणास विचारील असे. शब्द तेच, क्रम तोच. अर्थ सुरावलीत असतो. कोपोला यांनी भाषेच्या या स्वभावातून शोकान्तिका निर्माण केली. ‘किमी’चे कर्ते त्याच परंपरेतून आले असूनही त्यांनी उक्तीला वस्तूसारखे मानले आहे : धूळ पुसली की खाली नाणे सापडते, तसे.

महामारीने दिलेली आणखी एक संधी अशीच वाया गेली आहे. मुखपट्टीमुळे बोलण्यातील उच्च कंप्रतेचे घटक क्षीण होतात. ‘स’, ‘श’ यांसारख्या घर्षक स्वनांस त्याचा विशेष उपद्रव होतो. शिवाय ओठ झाकले गेल्याने श्रोत्यास दृष्टीची मदत मिळत नाही. बोलणे समजण्यात डोळ्यांचाही वाटा असतो, हे मॅगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्येच दाखवले होते. सर्व नगर मुखपट्टी लावून बोलत असता, जिची सर्व भिस्त कानावर आहे त्या नायिकेस एकदाही कोणाचे बोलणे नीट कळू नये, असे घडत नाही. चित्रपटात मुखपट्टी हे भयाचे चिन्ह आहे. ती ध्वनीच्या वाटेतील आडकाठी होत नाही.

(५) ऐकून घेणे

आता तिसऱ्या क्रियेकडे वळू. अँजेलाला मुद्रण ऐकू आले, तिने ते ऐकले. पुढचे पाऊल कोणी तिचे ऐकून घेण्याचे. या पायरीचे चित्रण करणारा कार्यालयातील प्रसंग चित्रपटातील सर्वांत भेदक प्रसंग आहे. नॅटली चौधरी ही वरिष्ठ अधिकारी (रिटा विल्सन) तिच्याशी अतिशय गोड बोलते. काळजी व्यक्त करते, आपुलकी दाखवते, आणि पुरावा ऐकण्याचे मात्र टाळत राहते. अँजेलाच्या मनःस्थितीविषयीची सहानुभूती हेच तिच्या साक्षीचे मोल कमी करण्याचे साधन होते. उक्ती सौजन्याची आणि कृती नकाराची, हा भेद नटीने आवाजाच्या चढउतारांतून उत्तम दाखवला आहे. ज्या कंपनीचे यंत्र नाव घेताच ‘मी येथे आहे’ असे उत्तर देते, त्या कंपनीत माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावयास कोणी नाही, हा विरोध कोणी न सांगताही प्रेक्षकाच्या लक्षात येतो.

चित्रपटाचा खरा प्रश्न हा आहे. अत्याचाराची तक्रार करणाऱ्या स्त्रीला ऐकू जाण्यासाठी किती पुरावा द्यावा लागतो? आणि ज्याने ऐकले, त्याच्यावर कोणते उत्तरदायित्व येते? पटकथा हा प्रश्न स्वच्छ मांडते आणि मग त्याकडे पाठ फिरवते. कार्यालयातून निघाल्यावर उरलेला चित्रपट धावण्याचा, पकडण्याचा, सुटण्याचा आहे. पाठलाग सफाईदार आहे. रस्त्यावरील निदर्शकांनी अँजेलाला गाडीतून सोडवण्याचा प्रसंग तर उत्साहवर्धक आहे. अखेरीस ती ‘किमी’लाच आज्ञा देऊन दिवे घालवते, कर्णकर्कश संगीत लावते आणि वरच्या मजल्यावर चाललेल्या बांधकामातील खिळे मारण्याच्या यंत्राने मारेकऱ्यांना ठार करते. कथेच्या आरंभी संगीताने गुन्हा झाकला होता, शेवटी संगीतानेच नायिकेस झाकले, हे जुळवून आणणे चतुर आहे. परंतु खिळ्यांनी मारेकरी मेले, तरी साक्षीचे काय झाले? मृत स्त्रीचा आवाज कोणत्या सभेत, कोणत्या न्यायासनापुढे ऐकला गेला, याचे चित्रण नाही. ज्या संस्थेने ऐकून घेतले नाही, तिला ऐकावयास लावण्याऐवजी कथा शत्रूंच्या संहाराने मिटवली आहे.

ध्वनियंत्राविषयीची चित्रपटाची भूमिकाही यामुळे संदिग्ध राहते. हेच यंत्र घरातील खाजगी बोलणे परक्याच्या कानी घालते, हेच गुन्ह्याचा एकमेव साक्षीदार ठरते, आणि हेच अंती रक्षण करते. अँजेलाने दुसऱ्याची मुद्रणे परवानगीवाचून मिळवली म्हणून सत्य उजेडात आले. पण ज्या मार्गाने ती पोहोचली, त्याच मार्गाने कोणीही पोहोचू शकेल. संदिग्धता हा दोषच असतो असे नाही. येथे मात्र ती विचारान्ती ठेवलेली नसून शेवटच्या घाईत राहून गेलेली दिसते. गुन्ह्यामागे कोण आहे याची चाहूल पहिल्याच दृश्यात दिली असल्यामुळे उकल करण्याचे ओझे पटकथेवर नव्हते. तो मोकळा वेळ या प्रश्नास देता आला असता.

(६) निष्कर्ष

‘किमी’चे गुण असे : महामारीचा कथेच्या हाडामांसात केलेला उपयोग, श्रवणकार्याचे अचूक व रसपूर्ण चित्रण, आणि मितव्यय. दोष असे : श्रवणाच्या प्रामाण्याविषयी शंकेचा संपूर्ण अभाव, आणि साक्षीच्या प्रश्नास दिलेली बगल. दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे. उक्ती म्हणजे ध्वनीत साठवलेली वस्तू, ती गाळून काढता येते, असे गृहीत धरल्यामुळे तिचा अर्थ लावणाऱ्याची जोखीम आणि तो अर्थ मान्य करणाऱ्याची जबाबदारी ही दोन्ही कथेतून गळाली. असे असूनही ध्वनिमुद्रणांचे लेखन करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. क्षेत्रकार्यातून आणलेल्या मुद्रणात आपण जे लिहून घेतो, त्यापैकी किती ऐकू आले, किती आपण ऐकले, आणि बोलणाऱ्याचे किती ऐकून घेतले, हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या वहीशी करून पाहण्याजोगा आहे.